न मोडता निवडलेली भेंडी

मंडईतल्या सुमनबाईंशी मी महिनाभर बोलत नव्हतो. मी भेंडीची टोकं मोडून बघत होतो, तेव्हा त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "काका, मोडून ठेवलेली भेंडी मग कोण घेणार?" तेव्हापासून मी मुद्दाम त्यांच्या समोरच्या गाळ्यावर भाजी घेतो, त्यांना दिसेल अशी.

आज तिथूनच पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ फुलाफुलांची बायकी पिशवी घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. "भाजी आमची ही आणायची. आता मलाच यावं लागतं," एवढंच म्हणाले. टोक न मोडता, नुसती बोटांनी चाचपून सुमनबाईंनी कोवळी भेंडी तेवढी वेचली आणि "ही लवकर शिजते हं" म्हणत वर कढीपत्ता ठेवला.

मी या शहरात एकटा आलो आणि सगळं स्वतः पारखून घेत आलो. जो पारखत नाही तो फसतो, हे मी इथेच शिकलो. पण माझ्यासाठी कुणी काही निवडावं, अशी संधी मी कधी कुणाला दिलीच नव्हती.

मी समोर गेलो आणि पिशवी पुढे केली. "अर्धा किलो भेंडी. तुम्हीच निवडा." भावही विचारला नाही.

सुमनबाईंनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, बरं नाही का तुम्हाला?"

मग त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून मी भाव विचारला, आणि महाग आहे म्हणून थोडा भांडलोही.