बाची चुंबळ

आमच्या पाड्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणारा एकच पुरुष होता, आणि तो माझा बाप होता. सूर्यमाळच्या त्या डोंगरावर पुरुष पाणी आणतच नाहीत असं नाही. फार अडलं तर खांद्यावर कावड घेतात, हल्ली मोटारसायकलला कॅन बांधतात. पण डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि एक हात कमरेवर, असा डौलात चालणारा मिशीवाला माणूस तुम्ही पाहिला नसेल. लोक त्याला मागून 'हंडेबाई' म्हणायचे. पुढूनही म्हणायचे. तो रागावत नसे. "कावड घेऊन बगा त्या जाळीतून," एवढंच म्हणे. विहिरीची वाट दरडीतून उतरायची, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. आडवी कावड तिथे अडकायची आणि अर्धं पाणी करवंदीलाच जायचं.

खरं कारण कावडीचं नव्हतंच, आईचं होतं. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि धाकली अजून नीट बोलतही नव्हती. ताप डोक्यात गेला म्हणाले. मोखाड्याला न्यायला जीप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायकांनी तिला आंघोळ घातली आणि शेवटचं तेल लावायला बाला हाक मारली. बाने तेल तिच्या डोक्यावर थापलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला. टाळूवर वाटीएवढी जागा गुळगुळीत होती. हंड्याखाली केस झिजून गेले होते. उरलेले केस वर ओढून, अंबाडा घालून आई ती जागा झाकायची. इतकी वर्षं संसार केला, दोन पोरी झाल्या, पण बाने ती जागा कधी पाहिली नव्हती. "हिनं कदी सांगलं नाय," असं तो येईल त्याला सांगत राहिला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "माज्या पोरींच्या डोकीवर हंडा येणार नाय." दुःखात माणूस काहीही बोलतो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दिवस झाले, पाहुणे गेले आणि दुसऱ्या सकाळी हंडेबाई विहिरीवर हजर!

चुंबळ त्याने आईच्या जुन्या लुगड्याची वळली होती. हिरव्या लुगड्याची, लाल काठ बाहेरच्या बाजूला. घरी आला की ती तो सगळ्यात वरच्या खुंटीला अडकवायचा, जिथे आमचा हात पोचणार नाही. धाकली मोठी वस्ताद. एकदा तिने कणगीवर चढून ती काढली, डोक्यावर ठेवली, वर पाण्याची वाटी ठेवली आणि अंगणात ठुमकत फिरू लागली. मी टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात बा आला. मला वाटलं, आता पाठ सुजते आमची. त्याने वाटी उतरवली, चुंबळ काढून घेतली आणि ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. धाकली त्याच्या मांडीवर चढून "बा, जेव ना रं" म्हणत राहिली, तेव्हा म्हणाला, "चूल मांड, बाहुलीचं लगीन लाव, कायबी खेळ. ह्यो खेळ नको गो."

उन्हाळ्यात मात्र आम्हाला घरी ठेवून जायला त्याचा जीव होत नसे. आम्ही दोघी रिकाम्या हातांनी त्याच्याबरोबर विहिरीवर. बाकीच्या पोरींच्या हातात कळशा, आणि आम्ही राजाच्या लेकी! वैशाखात विहिरीच्या तळाला पाणी झिरपून येई तेवढंच असायचं. खाली उतरून वाटीने भरावं लागे. हलकी म्हणून बायका पोरींनाच खाली उतरवायच्या. बाला सांगायच्या, "उतरव ना थोरलीला, ती पालीवानी चढंल." बा स्वतः उतरायचा. आम्ही आंब्याखाली बसायचो आणि आम्ही आहोत ना म्हणून तो मधूनच खालून हाक मारायचा, "हाव का गो?" आम्ही वरून ओरडायचो, "हाव!" हंडा भरेपर्यंत त्याचं हेच चालायचं. बायका हसायच्या. मेल्याला पोरींशिवाय करमत नाही, म्हणायच्या.

परतीची वाट मला सगळ्यात आवडायची. हंडा डोक्यावर असला की बाला मान वळवता येत नसे. आम्ही मागे राहिलो की तो थांबायचा. "मागं नको चालू. पुढं या. मला दिसाय पायजेत." मग आम्ही पुढे व्हायचो आणि त्याच्याकडे तोंड करून उलट्या चालायचो, फ्रॉकच्या ओच्यात करवंदं घेऊन. तो विचारायचा, कोंबडा की कोंबडी? करवंद चावून आतून लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी. त्याला मान खाली करता येत नाही म्हणून धाकली दगडावर चढायची आणि त्याच्या तोंडात करवंद घालायची. चीक मिशीला लागायचा. ऊन असं की पायाखालचा दगड भाजायचा, घरी नाचणीच्या भाकरीबरोबर मीठ-मिरची सोडून काही नसायचं, आणि तरी सांगते, त्या वाटेवर मी जेवढी हसले तेवढी पुन्हा कधी हसले नाही.

आठवड्यातून एकदा तो आमचे केस धुवायचा. कारल्याच्या वेलाशेजारी एक सपाट दगड होता, त्यावर बसवून, म्हणजे अंगावरचं पाणी वेलाला जाईल. मग तेल, फणी आणि वेण्या. वेण्या तो भाताचा पेंढा आवळतो तशा आवळायचा, डोळे ताणले जायचे. सगळं झालं की अंगठा आमच्या टाळूवर ठेवून थोडा दाबायचा आणि केसांच्या मुळांशी फिरवायचा. "टाळू बगू. हां, हाय. हाय सगळं." एवढं झालं की उठायची परवानगी. मी बारावी झाले तरी हे चालूच होतं. शाळेतल्या मैत्रिणींसमोर करायचा तेव्हा मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं.

आम्ही लग्नाच्या झालो तेव्हा बाने ठरवलं की स्थळ पाहायचं ते वैशाखातच. लोक दिवाळीनंतर जातात, कामं संपलेली असतात, घरात भात असतो. "तवा सगळ्या हिरी भरल्यात. तवा बगून काय उपेग?" असं त्याचं म्हणणं. माणसांना तो काही विचारायचाच नाही, विहीर बघायचा. "माणूस खोटं बोलंल, हीर खोटं नाय बोलायची," म्हणायचा. मला जव्हारचं स्थळ आलं. नवरा पेठेत दुकानात कामाला, भाड्याची एक खोली, पण आत नळ. बाने पोहे खायच्या आधी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. माझे सासरे बघतच राहिले. लोक म्हणतात मुलगी अमक्या घरी दिली. माझ्या बाने मला नळाला दिली.

धाकलीला खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यातलं स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, कामाचा. बा वैशाखात, भर उन्हात, एकटा चालत गेला आणि आधी विहिरीवर गेला. विहीर भरलेली! काठावर वाकून हात घातला तर बोटं भिजली. तो पाणी प्यायला, तोंड धुतलं आणि मग घरी जाऊन सुपारी ठरवून आला. मी तेव्हा माहेरी आले होते. आल्या आल्या त्याने धाकलीला उचलून गरागरा फिरवली. एवढी घोडी झालेली ती, त्याला झेपेना, दोघंही अंगणात पडले. "पानी हाय गो! वैशाखात पानी हाय!" असा ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी त्या पाड्यात लग्न होतं. लग्नघराने टँकर मागवून, बा तिथे पोचला त्याच सकाळी विहिरीत ओतला होता. बाला फसवायचं कोणाच्याही मनात नव्हतं. त्याने विचारलं असतं तर लहान पोरानेही सांगितलं असतं. पण बाने माणसांना विचारलं नाही, विहिरीला विचारलं.

पुढच्या वैशाखात मी आणि बा धाकलीला भेटायला गेलो. बाच्या टॉवेलमध्ये करवंदं बांधलेली. पाड्याच्या अलीकडच्या चढावर ती समोरून आली. डोक्यावर हंडा, वर कळशी, एक हात कमरेवर. हुबेहूब बाची चाल! बा वाटेतच उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून आपल्या डोक्यावर घेतला आणि तसाच तिच्या सासरच्या अंगणात गेला. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सासू वाईट नव्हती हो. तिने लगबगीने हंडा खाली घेतला आणि म्हणाली, "व्याही, असं नका करू. आमीबी अख्खी जिंदगी ह्येच केलं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

निघताना बा धाकलीला म्हणाला, "टाळू बगू." ती मागे सरली. "नको ना, बा." तरी त्याने अंगठा ठेवला. फिरवला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. 'हाय' म्हणेल, म्हणून वाट बघत होते. त्याने अंगठा उचलला आणि तिचा पदर डोक्यावर सारखा केला. करवंदं टॉवेलातच राहिली, जीपमध्ये त्यांचा चेंदा झाला.

त्यानंतर बा खचला तो खचलाच. मान दुखायची, हाताला मुंग्या यायच्या. जव्हारच्या डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं, म्हणून मी त्याला माझ्याकडे ठेवून घेतलं. तर हा नळाखाली हंडा भरायचा आणि नळापासून चुलीपर्यंत, खोलीतल्या खोलीत, डोक्यावरून न्यायचा! मी ओरडले की म्हणायचा, "रिकामा बसून काय करू?" एकदा मी कामावर गेलेली असताना त्याने नळाचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि जीप बदलत बदलत धाकलीकडे नेलं. घाटात अर्धं सांडलं. उरलेल्यात तिने लेकीला आंघोळ घातली, असं आल्यावर हसून सांगत होता. हसला तो शेवटचाच असेल.

तिच्या पाड्यातही मग नळ आले. दारोदार पाइप, वर पितळी तोट्या. पाणी काही आलं नाही. कोणी त्याला शेळी बांधली, कोणी झाडू टेकवला. बाने एक तोटी फिरवून पाहिली आणि मला म्हणाला, "आता कोनाचा तरी बाप येल, नळ बगंल आनि पोरगी देऊन जाईल." त्यानंतर मी त्याला कुठे न्यायचं नाव काढलं नाही.

तो गेला या हिवाळ्यात, झोपेतच. दिवस झाल्यावर आम्ही बहिणी पाड्यावरच्या त्याच्या झोपडीत बसलो. वाटून घ्यायला होतं तरी काय! धाकली उठली, वरच्या खुंटीला हात घातला आणि चुंबळ काढली. हिरवा रंग कधीच उडाला होता, लाल काठाचा धागा तेवढा उरला होता. मी म्हटलं, "ती नको नेऊस गं. बाबरोबर जाळायला हवी होती." तिने दारात खेळणाऱ्या तिच्या लेकीकडे पाहिलं. यंदा पाच वर्षांची झाली.

"मंग ती कशावर घेल, ताई? नुसत्या डोकीवर?" धाकली म्हणाली. "नवी चुंबळ टोचती. ही बाची मऊ झालीय."

मला राग आला, रडूही आलं. माझ्या एका नळाने मी कोणाकोणाला पुरी पडू?

परवा, ऐन उन्हाळ्यात, मी धाकलीकडे गेले. विहिरीच्या वाटेवर पुढे एक एवढीशी पोर चालली होती. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाण्याचा तांब्या, एक हात कमरेवर. मी मागून हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही.

"मावशे, पुढं ये," ती म्हणाली. "मला मान नाय वळवता येत."