पाणसळीतला समुद्र

हसायचं तर हसा, पर आदी चहा संपवा. नंतर कुणाच्या अंगावर सांडला तर मला बोल लावू नका! गिरणीत ह्या गोष्टीवरनं मला लई छळलंय, तवा म्हणलं आपणच सांगून मोकळं व्हावं.

माझी बायको कोकणातली. तिचा मामा आमच्याच गिरणीत कामाला, त्यानं सोयरीक जुळवली. न्हाईतर सोलापूरच्या मिस्त्रीला खाडीकाठची पोरगी कोण देतंय? लग्न झालं आन् बिचारी ह्या उन्हात येऊन पडली. माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून माहेरी जाणं काय जमेना. तक्रार न्हाय करायची कधी. पर सांजचं वारं सुटलं की चुलीपुढं बसून म्हणायची, "आता भरती लागली असेल."

मी आपला दारातनं वाकून बघायचो. दारात धूळ!

तिचा भाऊ वसंता तिकडं पायलट. म्हंजे काय, खाडीत आगबोट शिरायची झाली की ह्यो मचव्यातनं जाऊन तिच्यावर चढणार आन् वाळू चुकवत तिला आत आणणार. वाट कशी ओळखायची? तर ह्यांच्या घराची पांढरी भिंत आन् मागं टेकडीवरचं वडाचं झाड, दोन्ही एका रेषेत आली की बोट वाटंवर. ही खूण तिच्या बापानं ठरवलेली, त्यो बी पायलटच. भिंतीला चुना लावायचं काम लहानपणापासनं हिचं. पर बायकामाणसांना मचव्यात घेत न्हाईत, म्हणून पाण्यावरनं ती भिंत तिनं कवा बघितलीच न्हाय.

एकदा वसंता आमच्याकडं आला. जेवताना म्हणाला, "भावोजी, धुरकट असलं की भिंत नि झाड रेषेत आलं की नाय ते कळत नाय. नेम धरून बघायला कायतरी करून द्या. पण एका हातात मावेल असं करा हां. दुसरा हात दोरीला लागतो."

"हातात धरलं तर हलंल की," मी म्हणलं.

"हलू दे हो. आम्हीपण हलतोच."

मिस्त्रीला असलं बोलणं पटतंय व्हय? हलत्या हातानं नेम! मी मनात म्हणलं, ह्याला काय कळतंय, आपण पक्कं काम करू.

पितळंची चकती केली. एका अंगाला भोक, दुसऱ्या अंगाला तार. घासून अशी चकचकीत केली की तिच्यात बघून दाढी करावी! खाली लोखंडी तीन पाय. आन् पायांच्या वर बसवली पाणसळ. काचंच्या नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा बरोबर मदी आला की समजायचं, यंत्र सपाट बसलं. तोवर भोकाला डोळा लावायचा न्हाय. हा माझा नियम!

सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेऊन तपासलं. घाटाच्या दगडावर बुडबुडा असा गप बसला, जणू समाधी लावलीय. संगं माझा दोस्त चनबसप्पा, गिरणीच्या कोठारातला.

त्याला म्हणलं, "समुद्रावर चालंल न्हवं?"

"न चालायला काय झालं? समुद्र म्हंजे तळंच की, जरा मोठं!"

समुद्र त्यानंही बघितला नव्हता आन् मीही.

रजा काढली. निघताना ही भाकऱ्या बांधत म्हणाली, "माझ्यासाठी काय आणू नका. तेवढी भिंत बघून या. पाण्यावरनं कशी दिसते ते मला सांगा." एवढं बोलली आन् तोंड फिरवलं. म्हणलं, बघून येतो, वीट न् वीट सांगतो!

तिकडं पोचलो. दुसऱ्या दिवशी वसंता मला मचव्यातनं आगबोटीवर घेऊन गेला. जाताना मी यंत्र पोटाशी धरून डोळं मिटून बसलेलो. वर चढलो, तीन पाय पसरून यंत्र मांडलं, गुडघ्यावर बसलो.

बुडबुडा डाव्या टोकाला. पाय सारखे केले. बुडबुडा उजव्या टोकाला! पाचर ठोकली. परत डावीकडं! बोट वर जातीया, खाली येतीया, पोटात भाकऱ्या वर येत्यात, आन् मी नळीला डोळा लावून बसलोय.

बोटीचा सारंग, म्हंजे त्यांचा कप्तान, वसंताला म्हणतो, "हे तुझे भावोजी पूजा मांडून बसले काय रे?"

"भावोजी, भिंत आली! झाड आलं! बघा की!"

"थांब! बुडबुडा मदी येऊ दे!"

"अहो, रेषेत आली, वर बघा!"

"हलवू नका रे बोट!"

आता सांगा, बोटीला कोण सांगतंय हलू नको म्हणून? वसंतानं आपल्या नुसत्या डोळ्यानं बोट आत घातली. मी मान वर केली तवा भिंत वळणाआड गेलेली, बोट धक्क्याला लागली होती, आन् भाकऱ्या तर आदीच खाडीत गेलेल्या.

मग मी वसंताच्या ओसरीवर आडवा. त्यानं करवत घेतली आन् माझ्या देखत तिन्ही पाय कापले, पाणसळ काढून बाजूला ठेवली. चकतीला खाली काथ्या गुंडाळून मूठ केली. पितळंला काजळी फासली, उन्हात डोळं दिपत्यात म्हणून. ते घेऊन वसंता दुसरी बोट आणायला गेला, त्यो हसतच आला. "भावोजी, झकास! धुरकटातपण भिंत नि झाड बरोबर जुळतंय. ही पाणसळ तेवढी घरी न्या."

भिंत बघायला मला परत मचव्यात बस म्हणाला. बसणार होतो हो! पर मचवा नुसता बघितला तरी मी परत ओसरीवर आडवा व्हायचो. रजा संपली, परत आलो.

ही दारातच उभी. पाय धुवायला पाणी द्यायचं बी सुचलं न्हाय तिला. "पाण्यावरनं दिसली का भिंत?"

काय सांगू? खोटं बोलायला तोंड उघडलं, पर तिचे डोळे बघितले आन् ते टाकून दिलं. खिशातली पाणसळ काढून तिच्या हातावर ठेवली. सगळं सांगितलं.

तिनं ती हातावर कलती करून बघितली, बुडबुडा हिकडनं तिकडं पळाला. मग म्हणाली, "एवढाच आणलात होय समुद्र?" आन् हसता हसता रडली.

ती पाणसळ आता देवळीत असती. सांजचं वारं सुटलं की ही ती हातात घेऊन चुलीपुढं बसती, बघत राहती. मी शेजारी. सबंध जन्म बुडबुडा मदी आणण्यात घालवला मी, मिस्त्री न्हवं का! आता त्यो मदी येऊन थांबला, की मीच हळूच तिच्या हाताला धक्का देतो.