दारावरचा आकडा

“कॅफेत बसून आकडे लिहितो तो! हुक्का ओढत लिहितो!” मामून ओरडत होता. हातातलं बिल त्याने इतक्या वेळा उलगडलं-दुमडलं होतं की घडीवर ते फाटायला आलं होतं. “तीन वर्षांत हा रशवान आपल्या मीटरकडे एकदा तरी फिरकलाय का? आई, हिला विचार. इन्शिराह, बोल ना, फिरकलाय का?”

“मुलुखियाची भाजी काळी पडेल,” इन्शिराह म्हणाली आणि दोन मुठींची सुरी पाटावर डोलवत राहिली.

“मुलुखियाला लागली आग! साडेसात हजार पौंड! एका महिन्याचे! माझ्या कारखान्यात दिवसभर करवती चालतात, तिथलं एवढं येत नाही.”

“दिवसरात्र ते गार हवेचं यंत्र लावल्यावर दुसरं काय होणार?” इन्शिराहच्या सासूबाई, फौकिया हाजीणबाई, कोचावरून म्हणाल्या. “आम्ही डोक्यावर ओला पंचा घ्यायचो. कोणी मेलं नाही त्याने.”

“आजी, यंत्र तुझ्याच खोलीत आहे,” नहला म्हणाली.

“माझ्या खोलीत आहे, पण दार उघडं टाकून हवा कोण खातं? आणि तू ते केस वाळवायचं भोंगं तासतासभर लावतेस ते?”

मी उंबऱ्यावर पातेलं घेऊन उभी होते. उन्हाळ्यात आमची समोरासमोरची दारं उघडीच असतात, तेव्हा भांडण ऐकायला मला उठायची गरज नव्हती. पण इन्शिराहचं मोठं पातेलं परत करायचं राहिलं होतं, ते निमित्त झालं.

“ये शेजारीणबाई, तूच सांग,” मामून म्हणाला. “तुझं किती आलं?”

“नेहमीचंच. साडेतीनशे.”

“बघा! एकच जिना, एकच तार, एकच रीडिंगवाला. हिला साडेतीनशे आणि मला साडेसात हजार! याला घरी बसवल्याशिवाय मी राहणार नाही. इन्शिराह, वही आण. तक्रार लिही.”

“हात ओले आहेत.”

“मग धू.”

तिने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग जेवणाच्या टेबलाशी बसली आणि मामूनने सांगितलेलं सगळं लिहून काढलं. शिव्या तिने गाळल्या. खाली मामूनने सही केली.

आमच्या दमियात शहरातल्या त्या गल्लीत कोणाला अर्ज लिहायचा असला की तो इन्शिराहकडे यायचा. मुलींच्या शाळेत ती सत्तावीस वर्षं कारकुनी करत आली होती. शाळेचे दाखले, परीक्षेचे निकाल, हजेरीपट, सगळं तिच्या हातचं. तिचं अक्षर सुतारांच्या नक्षीसारखं होतं, एकही रेघ वाकडी नाही. विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज, घरमालकाला नोटिसा, एकदा तर एका पोरीचं पळून गेलेल्या नवऱ्याला पत्र, तिने सगळं लिहिलं, फुकट. माणसं म्हणायची, नहलाच्या आईने लिहिलं म्हणजे खरं.

आमच्या इमारतीत मीटर जुने, घराच्या आत, दारामागे. रीडिंगवाला यायचा तो सकाळी, पुरुष कारखान्यात गेल्यावर. एकटी बाई परक्या माणसाला आत कसा घेईल? म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण मीटरवरचा आकडा कागदावर लिहून दाराला बाहेरून चिकटवायचा. रशवानकाका चार मजले चढून यायचे, कागद बघून वहीत आकडा उतरवायचे, कोणी दिलं तर पाणी प्यायचे आणि खाली उतरायचे. वीस वर्षं असंच चाललं होतं. जूनमध्ये काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्यांच्या जागी आलेल्या पोरसवदा माणसाने कागदाकडे बघितलंच नाही, मीटरचा फोटो हवा म्हणून दार वाजवत राहिला. इन्शिराहच्या घरी तेव्हा एकट्या हाजीणबाई होत्या. त्यांनी त्याला आत घेतलं, वर चहा पाजला.

तक्रार आधी फोनवर करून बघितली. मामूनने फोन टेबलावर ठेवला आणि चाळीस मिनिटं आम्ही सगळ्यांनी त्यातलं संगीत ऐकलं. मधूनमधून एक बाई सांगायची की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. शेवटी खरीखुरी मुलगी आली, तिने ग्राहक क्रमांक विचारला, मामून “आधी माझं ऐक” म्हणाला आणि लाइन तुटली.

मग कार्यालय. मामून गेला असता तर खिडकीची काच फुटली असती, म्हणून इन्शिराह गेली. सोबत मी. पहिल्या दिवशी सिस्टीम पडली होती.

“उठेल कधी?” मी विचारलं.

“आम्हीच पाडली असल्यासारखं विचारताय, बाई. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी सिस्टीम उठली होती, पण तक्रारींच्या मादाम वजीदा रजेवर. तिसऱ्या दिवशी दोन्ही हजर होत्या. मादाम वजीदांच्या टेबलावर फायलींमध्ये काकडीची पिशवी होती. त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला.

“अक्षर कोणाचं हे?”

“माझं,” इन्शिराह म्हणाली.

“इथे येतात ते अर्ज असे असते तर माझा चष्मा सुटला असता.” मग त्यांनी पडद्यावर बघितलं. “हं. तीन वर्षं आकडे कसे बघा, एकसारखे. चढा दर लागतो त्या वेशीच्या आत, दर महिन्याला. आणि जूनमध्ये एकदम उडी. वेस ओलांडली की पहिल्या युनिटापासून चढा दर लागतो, म्हणून रक्कम एवढी. दोनच शक्यता आहेत. मीटर बिघडलंय, नाही तर रीडिंगवाल्याने मनाने आकडे भरले. तुम्ही दुसरं लिहिलंय.”

“मग आता?”

“बुधवारी दहा वाजता समिती येईल. मीटर तपासतील. ते ठीक निघालं की रशवानवर ठपका. तसं ही उडी बघून साहेबांनी त्याला कालपासून घरी बसवलंच आहे. कंत्राटी माणूस, त्याला काढायला काय लागतं?” त्या इन्शिराहकडे बघून हसल्या. “घाबरू नका. चूक आमच्या माणसाची ठरली की तुमचं बिल तीन वर्षांवर वाटून जुन्या दराने करतील. सुटलात तुम्ही.”

“आणि तिसरी शक्यता?”

“तिसरी कुठली?”

“काही नाही,” इन्शिराह म्हणाली आणि तक्रार क्रमांकाचा कागद पर्समध्ये ठेवायला तिला तीनदा चेन ओढावी लागली.

घरी येताना ती कालव्याच्या बाजूने नको म्हणाली. त्या वाटेवर रशवानकाकांचं घर आहे. आम्ही बाजारातून फिरून आलो. मामूनने बातमी ऐकून एक किलो मशब्बक आणलं, गल्लीत वाटलं. ते पाकात घोळलेलं वेटोळं माझ्या हातात देताना इन्शिराह माझ्याकडे बघत नव्हती.

सोमवारी दुपारी काका स्वतःच आले. ऑपरेशनची जखम अजून दुखत असावी, प्रत्येक मजल्यावर थांबून, कठड्याला धरून चढत होते. मी दार लावून घेणार होते, पण लावलं नाही.

“नहलाच्या आई, आत येत नाही मी. इथूनच बोलतो.”

इन्शिराह दारात उभी राहिली. तिने ओढणी हनुवटीखाली घट्ट धरली होती.

“मामूनभाईंचा राग बरोबर आहे. एवढं बिल आलं तर कोणीही चिडेल. मी त्यांना दोष देत नाही. फक्त एवढंच सांगायचं, मी मनाने आकडे लिहिले नाहीत. कागदावर होते तेच उतरवले. साहेब म्हणतात, मग कागदावर खोटं होतं. मी म्हटलं, साहेब, सगळ्या दमियातमध्ये एखादी बाई खोटा आकडा लिहीलही, पण ती ही नव्हे. माझ्या दोन्ही मुलींचे दाखले हिच्या हातचे आहेत. मीटरच खराब आहे, मी त्यांना शपथेवर सांगितलं.”

इन्शिराह दारावरचा चिकटपट्टीचा जुना तुकडा नखाने खरवडत होती.

“बुधवारी ते मीटर नीट तपासा म्हणून तुम्ही थोडं जोर देऊन सांगा. तुमचं ऐकतील. माझं कोणी ऐकत नाही.”

“पाणी घ्या, काका.”

“नको. पाणी प्यायलं की परत जिना चढताना… उतरताना त्रास होतो.” ते हसले, पोटाला हात लावून हसले आणि उतरायला लागले. खालचं दार वाजेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

मग ती माझ्या स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “मी लिहीत होते.”

मला आधी कळलंच नाही.

“कमी. दर महिन्याला थोडे कमी. यंत्र घेतलं त्या उन्हाळ्यात आकडा वेशीच्या बाहेर जायला लागला. पहिल्या वेळी फक्त तीस युनिटं. म्हटलं, थंडीत यंत्र बंद असतं, तेव्हा जास्त लिहून भरून काढू. रमजानचे सुटलेले उपवास आपण नंतर फेडतो ना, तसं. पण थंडीत पाण्याचा हीटर. मग सासूबाईंचा गुडघा, त्यांना खोली गरम पाहिजे. फेडायचं राहिलं ते राहिलंच, मीटरवर साचत गेलं. दर महिन्याला कागद लिहिताना वाटायचं, पुढच्या महिन्यात.”

“आणि वाचले ते पैसे?”

“भिशीत. नहलाच्या लग्नात फ्रिज आपण द्यायचाय. पलंगाखाली चादरी, मिक्सर, पातेली आहेत ना खोक्यात, ते सगळं त्यातलंच.” तिने तळहात उलटे करून बघितले. “मामूनला वाटतं मी फार काटकसरी आहे. लोकांसमोर कौतुक करतो.”

“कोणाला कळणार आहे?” मी म्हटलं. मला त्याची लाज वाटते, पण म्हटलं खरं. “मीटर तपासून ते जातील. तुमचं बिल उतरेल.”

“हो. तसंच होईल. म्हणून तर झोप येत नाही.”

मंगळवारी दिवसभर तिच्या घरातून भांड्यांचा आवाज आला, बोलण्याचा नाही. संध्याकाळच्या जेवणाआधी तिने मला बोलावलं. टेबलावर तळलेले मासे, भात, काकडी आणि पांढरं चीज होतं. मला जागा करून देत म्हणाली, “बस. घरच्यांनी मला मारायला घेतलं तर कोणी बघायला पाहिजे.”

नहला हसली. एकटीच.

मग इन्शिराहने सांगितलं. मला सांगितलं तेवढंच, त्याच क्रमाने, वर-खाली न करता. मामूनचा घास हातातच राहिला. आधी त्याला वाटलं ती रशवानला वाचवायला कुभांड रचतेय. मग तिने कपाटातून शाळेची एक जुनी वही आणली. त्यात दर महिन्याचे दोन आकडे शेजारीशेजारी होते, मीटरवरचा आणि दारावरचा. शेवटचं पान मामूनने बराच वेळ बघितलं.

“तीन वर्षं,” तो म्हणाला. “तीन वर्षं माझ्या दाराला खोटं चिकटलं होतं आणि मी त्याच्या समोरून ये-जा करत होतो. वर तक्रारीवर सही माझी! सगळ्या गल्लीत मशब्बक वाटलं मी, इन्शिराह!”

“हळू बोल,” हाजीणबाई म्हणाल्या. “जिन्यात ऐकू जातंय. ऐक पोरी, झालं ते झालं. माझ्याही सासूपासून मी पुष्कळ लपवलंय. तू वही जाळ. उद्या समिती येईल, मीटर बघेल, जाईल. घरातलं घरात राहील.”

“आणि रशवानकाका?” नहलाने विचारलं.

“त्याला मी काम देतो,” मामून घाईने म्हणाला. “कारखान्यात पहारेकरी लागतोच. पगार थोडा कमी, पण देतो. बाहेर बोभाटा नको. पोरीच्या होणाऱ्या सासरी कळलं तर काय म्हणतील? मुलीची आई आकडे चोरते? दंड वेगळा, बिल वेगळं. तू फक्त गप्प बस. एवढं तरी कर माझ्यासाठी.”

“गल्लीत काय सांगशील?” इन्शिराहने विचारलं. “चोर म्हणून कामावरून काढला आणि तुला त्याची दया आली?”

मामूनने ताट बाजूला सारलं.

“तू दयाळू ठरशील. मी प्रामाणिक ठरेन. तो चोर ठरेल.”

“आई,” नहला म्हणाली आणि थांबली. तिचे डोळे भरले होते. ते फ्रिजमुळे की आणखी कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. तिलाही बहुधा आलं नसतं.

इन्शिराहने माशाचा काटा काढून तो तुकडा सासूच्या ताटात ठेवला. मग हात पुसून बोलली, शाळेत सूचना वाचून दाखवायची त्या आवाजात.

“उद्या मी शाळेत जाणार नाही. दहा वाजता दार मी उघडणार आणि वही त्यांच्या हातात देणार. बिल मी हप्त्याने भरणार, भिशीची माझी पाळी त्यात जाईल. ज्यात पैसे आधी टाकल्याशिवाय दिवा लागत नाही, ते कार्डाचं मीटर मी मागून घेणार आहे. नहला, फ्रिज वर्षभर पुढे गेला, तुझ्या सासूला मी स्वतः सांगेन. आता जेवा.”