पुसूमामा

कल्पना करा, एका लहान मुलीच्या हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली आहे आणि तिचं बाहेरचं टोक तुमच्या बोटांत आहे. टोकावर बोराएवढी टोपी. सुई न वापरता औषध देता यावं म्हणून बसवलेली. तिला कनेक्टर म्हणतात. सिरिंज जोडण्याआधी तिचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसायचं आणि वाळू द्यायचं. घाई केलीत, तर तिथले जंतू औषधाबरोबर थेट रक्तात.

मुलांच्या कॅन्सर वॉर्डातले ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हे काम इतकं जीव ओतून करायचे की त्या मुलीने त्यांचं नावच पुसूमामा ठेवलं. ते तिला मिरची म्हणत.

नळीतून जंतू शिरून मिरचीला दोनदा ताप भरला होता. पुन्हा भरला तर नळी काढावी लागणार, केमो रखडणार, आणि घर आणखी लांब जाणार. तिला तर घराचे डोहाळे लागलेले. नेमके तेव्हाच नव्या कनेक्टरचे दोन नमुने आले, एक निळा, एक पारदर्शक. वॉर्डाने एक निवडायचा होता.

"निळा घ्या ना मामा, छान दिसतो."

"लग्नात मिरवायचाय का?"

ब्रदरना निळ्याच्या तोंडाभोवतीची खाच खुपत होती. त्यांनी मिरचीच्या जांभळ्या स्केचपेनने दोन्ही नमुन्यांची तोंडं रंगवली. "हं, आता पूस."

जीभ बाहेर काढून तिने खसाखसा पुसलं. पारदर्शक टोपीचं सपाट तोंड लख्ख झालं. निळ्याच्या खाचेत मात्र जांभळी रेघ राहिली, नखात माती राहते तशी.

"शी! पारोसा आहे हा," मिरचीने निकाल दिला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "ब्रदर, शाई म्हणजे जंतू नव्हेत. पण सपाट तोंड पुसायला सोपं, आणि आत रक्त राहिलं तर दिसतंही. पारदर्शकच मागवू. टोपी बदलली म्हणून पुसणं सुटत नाही हं!"

"नावच पडलंय माझं, सुटेल कसं?"

ताप पुन्हा आला नाही. टोपीमुळे, पुसण्यामुळे की नशिबाने, ब्रदर छातीठोकपणे सांगत नाहीत. उपचार संपले, नळी निघाली. निघताना मिरचीने आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"केस कुरळे येणार बघा."

"सरळ! आईचे बघ की."

"पैज? हरलात तर माझा पेन परत द्यायचा."

पेन अजून ब्रदरच्या खिशात आहे, वाळून खडखडीत झालेला. आपल्या भाषेत पुसणं म्हणजे साफ करणं, आणि विचारणंही. पहिलं त्यांना छान जमतं. दुसऱ्यापाशी हात अडतो. फोन लावायला बोट पुढे जातं आणि थबकतं: पोर बरी असेल, तर घरच्यांना इथला वासही आठवायला नको असेल, आणि नसेल, तर?

मग दुसऱ्याच कुणा लेकराची टोपी पुसता पुसता ते मनातल्या मनात पुसतात, काय गं मिरचे, कुरळे आले की सरळ?