उभ्या बाई आणि सईचा गुरुवारचा क्लास

माझ्या लेकीच्या, सईच्या तिसरीच्या वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर बाईंना बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. खुर्चीवर मुलांची दप्तरं असायची, कुणाचा विसरलेला स्वेटर असायचा, कधी ताप भरलेली एखादी मुलगी डोकं टेकून बसलेली असायची. बाई मात्र प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत उभ्याच. मुलांनी त्यांचं नाव 'उभ्या बाई' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. एकदा मी विचारलं, "बाई, पाय दुखत नाहीत का हो?" तर म्हणाल्या, "दुखतात की! पण बसलं का मागचं बाक दिसत नाय. आणि खरी गंमत सगळी मागच्या बाकावर चालते."

बाई मूळच्या चांदवडच्या. नाशिक रोडला आमच्या कॉलनीजवळच्या शाळेत बरीच वर्षं होत्या, तरी नेमणूक दर वर्षी नव्याने होणारी. बोलणं एरवी शहरातलं, स्वच्छ. पण घाई झाली किंवा माया आली की त्यातून चांदवड डोकं वर काढायचं. गावाकडून कांदे आले की शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या पिशवीत थोडे थोडे पडायचे. नको म्हणायची सोय नव्हती.

'शांत बस' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. एखादं मूल बाकावर वळवळायला लागलं की बाई त्याला काम सांगायच्या. फळा पूस, हजेरीपट ऑफिसात देऊन ये, खिडकीतल्या कुंडीला पाणी घाल. आमच्या सईच्या वाट्याला ही कामं सगळ्यांत जास्त यायची. मला आधी वाटलं, मुलगी बाईंची लाडकी दिसतेय. मी मनातल्या मनात जरा मिरवूनही घेतलं.

खरं तर सई म्हणजे घरात रोजचा गोंधळ होता. पाणी आण म्हटलं तर स्वयंपाकघरात जाऊन चमच्यांशी खेळत बसायची. डबा शाळेत, छत्री रिक्षात, वही कुठे तर देवाला माहीत. एक गणित सोडवायला अख्खी संध्याकाळ. मी ओरडायचे, कधी पट्टीही उगारायचे. बँकेतून दमून आलेली असायचे, हे कारण आता सांगून काय उपयोग?

एके दिवशी शाळा सुटल्यावर बाई स्कूटी हातात धरून माझ्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत चालत आल्या. सई पुढे उड्या मारत चालली होती. बाई म्हणाल्या, "सईची आई, एक सांगू? राग आला तरी चालेल, पण राग उतरल्यावर एकदा विचार करा." मग त्यांनी सांगितलं. फळ्यावरचं उतरवताना सई दुसऱ्याच ओळीत कुठे तरी निघून जाते आणि परत येईपर्यंत फळा पुसलेला असतो. "मी काय डॉक्टर नाही. मी फक्त रोज बघते. पोरगी हट्टी नाय, आळशी तर मुळीच नाय. तिला ऐकायचं असतं, पण मधेच सुटून जातं. आधी कान-डोळे तपासा, मग मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याला नाव काय द्यायचं ते ते ठरवतील."

मी तिथल्या तिथे फणकारले. "आमच्या घराण्यात असं कुणी नाही हो, बाई."

"घराण्याचं कुठं काढलं मी?" म्हणत बाई हसल्या आणि स्कूटीला किक मारून गेल्या.

बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. मग एका संध्याकाळी, तेच गणित तिसऱ्यांदा चुकल्यावर, मी काही बोलायच्या आतच सईने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गालावर मारून घेतलं. "माझं डोकंच खराब आहे," म्हणाली. आठ वर्षांची पोर. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

कान-डोळे ठीक होते. डॉक्टरांनी आम्हाला खूप विचारलं, बाईंशीही फोनवर सविस्तर बोलले, आणि मग सईचा त्रास एडीएचडीचा आहे, म्हणजे तिचं लक्ष एका जागी टिकत नाही, असं सांगितलं. अभ्यासाचे तुकडे कसे पाडायचे, सूचना एका वेळी एकच कशी द्यायची, हे आम्हाला शिकवलं आणि दर गुरुवारी कॉलेज रोडला समुपदेशक बाईंकडे यायला सांगितलं. सईचे बाबा सगळ्याला तयार होते. त्यांची अट एकच. "आईला कळू द्यायचं नाही. तिला कळलं की गावी सायखेड्यात सगळ्या भाऊबंदांत बोभाटा होईल. पोरीची जात आहे." मलाही ते पटलं. पटलं कसलं, मला तेच हवं होतं.

म्हणून घरात गुरुवारचा क्लास चित्रकलेचा ठरला. आता क्लास म्हटल्यावर चित्रं नकोत का? सासूबाई चित्रं दाखव म्हणायला लागल्या. मग मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत चित्रं काढायला बसले. मी काढलेला एक पोपट सासूबाईंनी कौतुकाने फ्रिजवर चिकटवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नातीचा पोपट म्हणून दाखवायच्या आणि मी गुपचूप चहा ठेवायला आत सटकायचे.

बाईंना हे नाटक मी सांगितलं होतं. त्यांना ते आवडलं नाही; पण एकदा सासूबाई सईला घ्यायला शाळेत गेल्या तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "आजी, हिची चित्रकला लय सुधारली बरं का!" पोटात इतकं ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. वर्गात त्यांनी सईला फळ्यासमोरच्या बाकावर आणलं, गृहपाठ निम्मा केला. दिवाळीनंतर तिची वही पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत भरलेली दिसली. ते पान घेऊन मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि मग फेब्रुवारीतली पालकसभा आली. सासूबाई हौसेने माझ्याबरोबर आल्या होत्या. सभा सुरू होते न होते तोच सईच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील उठले. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं होतं, जे मला सांगितलं होतं. "या बाई पोरांना वेडं ठरवतात! माझ्या पोराला डॉक्टरकडे न्या म्हणतात! ह्यांना शिकवता येत नाय, म्हणून आमची पोरं मेंटल का?" गृहस्थ वजनदार होते. चार लोक लगेच माना हलवायला लागले.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "बाई आणखी कुणाच्या मुलाबद्दल असं बोलल्या आहेत का?"

बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं. मान वळवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, म्हणजे मला अडचण नको. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, की हो, मला म्हणाल्या, आणि माझी मुलगी आज बरी आहे ती त्यामुळे. तेवढ्यात सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "आपल्या सईबद्दल तर नाय ना बोलल्या काही?"

"छे हो आई, नाही!" मी म्हणाले. वर्ग इतका शांत होता, की ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्या गृहस्थांना जोर चढला. बाईंनाही ऐकू गेलंच.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई नव्हत्या. नेमणूक पुढे केली नाही, एवढंच कळलं. त्या चांदवडला परत गेल्या, तिकडच्या एका शाळेत लागल्या. त्या मुलाला वडिलांनी शाळेतून काढून कुठल्याशा कडक शिस्तीच्या वसतिगृहात ठेवलं. मी बोलले असते तर त्यांनी कदाचित ऐकलं असतं. 'कदाचित' हा शब्द मला गेली सहा वर्षं झोपू देत नाही.

सई आता नववीत आहे. अडखळते, विसरते, पण स्वतःला ओळखून आहे. परवा जेवताना तिने आजीला सरळ सांगून टाकलं, "आजी, मला एडीएचडी आहे. तिसरीत उभ्या बाईंनी ओळखलं होतं. मी चित्रकलेला जातच नव्हते." सासूबाईंनी नातीच्या पानात पोळी वाढली. मग माझ्याकडे वळल्या. "आन त्या सभेत तू नाय म्हणालीस? अगं, मला सांगितलं असतंस तर मीच उठले असते ना! त्या बाईची नोकरी गेली गं."

मी ज्यांना भीत होते त्या ह्या.

दुसऱ्या दिवशी जुन्या एका शिक्षिकेकडून नंबर मिळवून बाईंना फोन केला. आवाज तोच. आधी सईची सगळी चौकशी केली, खूप हसल्या, पोपटाची आठवण काढली. मग मी माफी मागितली. धड वाक्यसुद्धा जुळवता आलं नाही.

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या. "तुमच्या शेजारी सासूबाई होत्या, मला दिसत होतं ना. मी तेव्हाच समजून घेतलं."

मला जरा धीर आला. मी म्हटलं, "तुमच्या आताच्या वर्गातही असतील ना सईसारखी मुलं? त्यांचं नशीब चांगलं."

बाई म्हणाल्या, "असतात की. एक पोरगी हाय आत्ता, अगदी सईसारखी. परवा तिची आई भेटली. विचारत होती, बाई, माझी पोर कशी आहे वर्गात?"

"मग?"

"छान आहे, म्हटलं."