तिच्या घरी सगळ्या वयांची माणसे होती

मुलांनो, मागच्या खेपेला फोनवर तुमच्यापैकी थोरलीने विचारले, "आजी, तू कॉलेजात काय शिकलीस?" मी "माणसाची वाढ" एवढेच म्हणाले आणि फोन तुटला. उरलेले उत्तर इथे लिहिते. ते लिहिताना मला एका मुलीचा हेवा वाटत राहणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. तो जुना आहे, पण अजून जिरलेला नाही.

ही लढाईच्या दिवसांतली गोष्ट. रॉकेल रेशनवर होते आणि आमच्या वसतिगृहात दिवे लवकर मालवत. मी साताऱ्याची, कॉलेज सांगलीचे. साताऱ्याच्या घरी फक्त आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी. माझी आई मी लहान असतानाच गेली. आप्पा हेडमास्तर होते. आमच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती आणि ती हलवणारे कोणी नव्हते.

मानसशास्त्राच्या वर्गात आम्ही दोनच मुली. तास सुरू होईपर्यंत मुलींनी वर्गात जायचे नाही, अशी तेव्हा पद्धत होती. आम्ही बाजूच्या खोलीत थांबायचो, प्राध्यापक आले की त्यांच्या मागोमाग आत जायचो आणि भिंतीकडच्या बाकावर बसायचो. तास संपला की त्यांच्या मागोमाग बाहेर. सर आम्हाला कधी प्रश्न विचारत नसत, आमच्याकडे बघतही नसत. ते सभ्यतेचेच लक्षण मानले जाई. आमच्या दोघींच्या चपला त्यांना कदाचित ओळखू आल्या असत्या, चेहरे नव्हे.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी सांगलीचीच. जैन, हळदीच्या व्यापाऱ्याची. ती आली की बाकावर हळदीचा वास येई. तिच्या वहीच्या कडासुद्धा पिवळट असत.

त्या वर्षी विषय होता माणसाची जन्मापासून अखेरपर्यंतची वाढ. पुस्तक विलायतेचे. त्यातली बाळे वेगळ्या खोलीत एकटी झोपत, चाकाच्या गाडीतून बागेत जात आणि चमच्याने अंडे खात. अंड्याचे पान आले की माझी मैत्रीण पुस्तक मिटून माझ्याकडे बघे. निम्मे पुस्तक बाळपणाचे होते. मग शाळेचे वय, मग तारुण्य, आणि शेवटी म्हातारपणाचे एक बारीक प्रकरण, जणू छापणाऱ्याकडे कागद उरला होता म्हणून घातलेले.

दिवाळीनंतर सरांनी वर्षभराचे काम दिले. कोणतेही एक माणूस निवडा, ते वर्षभर बघा आणि त्याच्यात काय बदलते ते लिहा.

इथे आप्पांची अट सांगितली पाहिजे. बी.ए. झाल्यावर पुण्याला एम.ए.ला जायचे असे माझ्या मनात होते. आप्पा म्हणाले होते, "तुझ्या प्राध्यापकांनी आपण होऊन सांगितलं, की या मुलीला पुढे शिकवा, तर मी पाठवीन. नाहीतर स्थळं बघायला लागीन. मी बाप आहे, मला माझी मुलगी हुशार वाटणारच. परक्यानं सांगू दे." आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हा माझे सगळे त्या निबंधावर होते.

आणि माझ्याकडे बघायला माणूसच नव्हते. वसतिगृहात सगळ्या एका वयाच्या मुली. साताऱ्यात आप्पा, ज्यांच्यात कधी काही बदलत नसे.

"आमच्यात ये की," मैत्रीण म्हणाली. "आमच्यात सगळ्या वयाची माणसं आहेत. तुला कोण पाहिजे ते घे."

हे ती इतके सहज म्हणाली, की मला रागच आला. ज्याच्या घरी भरलेली कोठी असते तोच असे म्हणू शकतो.

रविवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. ओसरीवर हळदीची पोती, आतल्या सोप्यात माणसे. काका, चुलत्या, शाळेतली पोरे, नवी सून, तिचे पाच-सहा महिन्यांचे बाळ आणि कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली मैत्रिणीची आजी. विलायती पुस्तकाची सगळी प्रकरणे एका छपराखाली चालतीबोलती होती आणि या मुलीला त्याचे काही अप्रूप नव्हते. ती आजीच्या अंगावरून ओलांडून पाणी आणायला गेली.

"ह्या पोरीला कुनी जेवाय घातलं का न्हाई?" आजी माझ्याकडे बघून म्हणाली. "लय वाळलीया."

"वसतिगृहातली आहे गं ती, आजी."

"मग घाला की. दिस बुडाय आला."

त्या घरात दिवेलागणीच्या आत जेवणे उरकत. मला तेव्हा भूक नसे, तरी मी जेवायची. पंगतीत कोणी ना कोणी माझ्या ताटात काहीतरी टाकत असे आणि मला ते आवडत असे, हेही मला आवडत नसे.

मी बाळ निवडले. सगळ्यांत जास्त बदलते ते बाळच, हा माझा हिशेब.

"बाळ तुला," मैत्रीण म्हणाली. "मग मी आजीला घेते."

मला मनातून हसू आले. म्हातारीत काय बदलणार?

मग वर्षभर मी दर रविवारी जायची. बाळाचे दात, बसणे, रांगणे, सगळ्याचे तक्ते केले. त्याला सुताने मोजायला गेले तेव्हा मैत्रिणीची आई सूत हातातून काढून घेत म्हणाली, "लेकराला मोजू नये बाई. वाढ खुंटती." म्हणून मी त्याला दाराच्या चौकटीपाशी उभे करून, चौकटीच्या कोरीव फुलांवरून उंची लक्षात ठेवू लागले.

पण बाळ माझ्याकडे येईना. आठव्या-नवव्या महिन्यात तर मी उंबऱ्यातून आत आले की ते ओठ काढी आणि मैत्रिणीच्या पदरात तोंड लपवी. परक्याला बुजणे या वयात सुरू होते, असे आमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले होते. मी ते पान अधोरेखित केले होते. तरी दर रविवारी मला वाटे, हे तिने शिकवले आहे. त्याने पहिले पाऊल टाकले ते एका मंगळवारी. बुधवारी बाकावर बसता बसता ती म्हणाली, "चाललं गं तुझं बाळ." माझे बाळ, आणि चालले तिच्यासमोर. त्या तासाला सर काय शिकवत होते ते मला आठवत नाही.

बाळ झोपलेले असले की मला थांबावे लागे. तेव्हा आजी कोपऱ्यातून काहीतरी पुटपुटत असे. तिचे माहेर कर्नाटकातले, आणि अलीकडे ती मध्येच कानडीत जाई. मला वाटे, म्हातारी बरळते आहे. ती आवाज करून बाळाला उठवील म्हणून मला उलट बरे वाटे.

पुढच्या वर्षीच्या सहामाही परीक्षेनंतर आम्ही निबंध दिले. त्यावर नाव घालायचे नव्हते, हजेरीचा नंबर घालायचा होता, आणि आम्हा दोघींचे नंबर लागोपाठचे. मुलींचे दोन्ही कागद एकाच दोऱ्यात बांधून शिपायाकडे द्यायचे. मुलींनी सरांच्या खोलीत जायचे नाही, हीही पद्धतच.

नाताळच्या सुटीत मी साताऱ्याला आले. सरांची बहीण साताऱ्यात दिलेली होती. एका सकाळी आप्पांनी आत येऊन सांगितले, "तुझे प्राध्यापक आलेत. चहा टाक."

मी स्वयंपाकघरात, दाराआड. बाहेर सर म्हणत होते, "हेडमास्तर, मी मुद्दाम आलो. तुमच्या मुलीला पुढे शिकवा. इतक्या वर्षांत असं काही वाचलं नाही मी."

चहाचे आधण उकळून वर आले तरी मी हलले नाही. हेच शब्द ऐकण्यासाठी मी वर्षभर त्या सांगलीच्या सोप्यात बसले होते.

सर पुढे सांगू लागले, "म्हातारपण म्हणजे वाढ संपली, असं आपण धरून चालतो. हिनं दाखवलंय, की तिथंही क्रम आहे. ती म्हातारी आधी सासरची मराठी विसरते. मग बाजारहाटाची. मग एक दिवस स्वतःच्या सुनेला 'अव्वा' म्हणते, कानडीत आई. सूनही 'आवं, मी हाय की' म्हणून तिला घास भरवते. आणि त्याच सोप्यात बाळ एकेक मराठी शब्द उचलत असतं. एक जण भाषेत येतोय, एक जण माघारी चाललाय. काय नजर आहे मुलीची."

ती म्हातारी माझ्यासमोर बसली होती. ती सून, म्हणजे मैत्रिणीची आई, तो घास, सगळे माझ्यासमोर झाले होते. मी बाळ उठायची वाट बघत होते.

मी चहा घेऊन बाहेर गेले, कपबशा ठेवल्या आणि म्हणाले, "सर, तो निबंध माझा नाही."

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"तुमचा नाही?"

"माझ्या शेजारी बसते, तिचा. ती तिची आजी."

मी खरेपणाने बोलले असे तुम्हाला वाटेल. आप्पांनाही तसेच वाटले, आणि मी त्यांना ते वाटू दिले. पण मला तिचे कौतुक अंगावर घ्यायचे नव्हते, एवढेच. तिने नेसून सोडलेले लुगडे मला कोणी नेसवावे, तसे ते वाटत होते. पुण्याला जायचे तर माझ्या निबंधावर. तिच्या निबंधावर मी वेशीपर्यंतही गेले नसते.

"मग तुमचा कोणता?" सरांनी विचारले.

"बाळाचा."

"हां, हां. तक्ते फार व्यवस्थित होते."

एवढेच. चहा संपेपर्यंत मी आणखी एका वाक्याची वाट पाहिली. ते आले नाही.

निघताना आप्पांनी सरांच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा दिला आणि म्हणाले, "सांगलीला गेलात की त्या मुलीच्या घरी जाऊन हेच सांगा. तिथंही एक बाप असेल, सकाळपासून काही ठरवत बसलेला." सर गेले, खरेच गेले. माणूस न्यायाचा होता.

ते गेल्यावर आप्पा पुन्हा खुर्चीत बसले.

"तक्ते व्यवस्थित होते म्हणाले," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे नापसंती नाही."

"पसंतीही नाही, आप्पा."

त्यांना हसू आले, मला नाही. "शब्द तर मिळाला नाही," ते म्हणाले. "तेव्हा पुणं नाही. पण इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीला कोणी नाही. वर्षभर तू शिकव. स्थळं थांबतील."

वर्षाची तीन वर्षे झाली. मी शिकवत असताना तुमच्या आजोबांचे स्थळ आले. ती मात्र पुण्याला गेली. तिथल्या ग्रंथालयातून तिची पत्रे यायची, कागदाला हळदीचा वास नसलेली. माझ्या लग्नाला ती त्या बाळाला घेऊन आली. एव्हाना ते शाळेत जाऊ लागले होते. मी हात पुढे केला तर ते तिच्यामागे लपले.

"तुला ओळखत नाही गं ते," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणाले.

आता मी त्या शेवटच्या बारीक प्रकरणात आले आहे. त्यात काय नाही ते मला रोज कळते. परवा भाजीवाल्याशी बोलताना मला 'कोथिंबीर' हा शब्द सापडेना, बोटाने दाखवावी लागली. बदल होतो आहे, क्रमाने होतो आहे. मैत्रिणीचा हेवा अजून आहे, पण अलीकडे तिच्या आजीचा जास्त वाटतो. ती कोपऱ्यात बसून एकेक शब्द खाली ठेवत होती आणि शेजारी तिची नात ते बघत होती. माझे शब्द जातात तेव्हा इथे ऐकायला रेडिओ असतो.

आणि हेव्याचा तिसरा धनी तुमच्याकडे आहे. तुम्हाला शाळेतून आणते ती शेजारची बाई. धाकट्याचा पहिला दात पडला तो तिच्या घरी, हे मला धाकट्यानेच आनंदाने सांगितले. मी "वा" म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा धाकटा दिवसभर आईच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. ते पान मी वाचलेले आहे, म्हणून मी त्याला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन आला आणि माझ्या चष्म्याची काडी ओढली. यंदाही त्याला पहिला दिवस देईन. मात्र दुपारी सगळी झोपली की थोरलीने माझ्याजवळ येऊन बसावे. काही विचारायचे नाही. नुसते बसायचे आणि मी कोणता शब्द शोधते आहे ते बघायचे.