विनंतीपूर्वीच खाल्लेल्या पेढ्याबाबत

तक्रारदार : मी स्वतः, नामदेवराव, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण अकोल्यातील कचेरीसमोरचा कडुलिंब, शिक्षण दहावीपर्यंत (निकालाशी मी आजही सहमत नाही). गैरअर्जदार : माझी एकुलती कन्या मृणाल. घटनेची वेळ : गेल्या उन्हाळ्यातील एक रविवार, दुपारचे जेवण पचण्यापूर्वी. साक्षीदार : पत्नी सुनंदा, मेहुणे गजाननराव आणि एक पेढा. पैकी तिसरा साक्षीदार हयात नाही.

वस्तुस्थिती अशी की, मृणाल तेव्हा अमरावतीस अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. अर्थशास्त्र म्हणजे देशाची तिजोरी सांभाळण्याची विद्या, असे मी कडुलिंबाखाली येणाऱ्या प्रत्येकास सांगत असे. मृणालने एकदा माझी दुरुस्ती केली. "बाबा, तिजोरी नाही जी! माणूस एक सोडून दुसरं काहून निवडते, त्याचा अभ्यास आहे तो." मला हे काही पटले नाही. एवढ्यासाठी का कोणी महाविद्यालय बांधते!

तिला पुढे एम.ए. करायचे होते. नेमके तेव्हाच गजाननरावांनी अंजनगाव सुर्जीचे स्थळ आणले : भास्करराव, त्यांच्या पत्नी आणि बियाण्यांचे दुकान चालवणारा मुलगा संदेश. पाहुणे येण्याच्या सकाळी मृणाल माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते.

"बाबा, पावणे आले का पयले एवढंच सांगजा. पोरीले एम.ए. करायचं आहे, दोन वर्षं लग्न नाही. चहाच्या आधी सांगजा. एकदा होकार गेला का माही अमरावती संपली."

"निश्चिंत राहा. विनंती मांडणे हा माझा व्यवसाय आहे."

"त्याचंच तं भेव वाटते!"

येथे वाचकांस माझ्या व्यवसायाची रीत सांगणे अगत्याचे आहे. अर्जात मागणी कधीही आधी येत नाही. आधी अर्जदाराची ओळख, मग वस्तुस्थिती, मग 'सबब' हा शब्द आणि अगदी तळाशी, सहीच्या डोक्यावर, विनंती. पहिल्याच ओळीत मागणाऱ्यास कचेरीत कोणी बाकसुद्धा दाखवत नाही. दुसरे असे की, मजकूर सांगताना मी डोळे मिटतो. त्याशिवाय मला भाषा सुचत नाही.

पाहुणे स्थानापन्न झाले. कूलर घोंघावत होता, वाळ्याचा वास बैठकीत तरंगत होता. भास्कररावांनी विचारले, "पोरगी काय शिकून राहिली जी?"

"अर्थशास्त्र."

"बरं. मंग त्याचं पुढं काय होते?"

काय हा प्रश्न! असा प्रश्न विचारणारा भेटावा म्हणून मी तीन वर्षे तहानलेलो होतो. मी डोळे मिटले.

"अर्थशास्त्राचा पदवीधर बँकेत अधिकारी होतो," मी म्हणालो, आणि मिटल्या डोळ्यांपुढे काचेचे दार आवाज न करता उघडले. "स्पर्धा परीक्षा देऊन जिल्ह्याचा कारभार पाहतो." पांढरी मोटार माझ्या कडुलिंबाखाली अलगद येऊन थांबली, टपावर पिवळी पाने पडली, आणि आतून मृणाल उतरली. कचेरीतले सगळे बाबू उभे! "संशोधन करतो, सरकारास सल्ला देतो." आता ती चिखलदऱ्यास एका व्हरांड्यात बसली होती. हातात तिथलीच कॉफी, आणि डोक्यात त्या कॉफीचा भाव. दरीतून धुके वर येत होते, ते माझ्या गालांना लागत होते. (तो कूलर होता.)

"भाऊजी, मुद्द्यावर या," गजाननराव कुजबुजले.

"वस्तुस्थिती चालू आहे," मी डोळे न उघडता सांगितले.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा खणखणाट झाला. तो मृणालचा इशारा होता, हे मला नंतर कळले. त्या वेळी मला ती तिच्या बंगल्यावरची घंटा वाटली! मी अधिकच रंगलो. दुरून, धुक्यापलीकडून, भास्कररावांचा आवाज आला, "बाप्पा! अशीच सून पायजे आपल्याले." त्यांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, आवाज आला, "मी तं नारळ घेऊनच आली." मी मात्र विनंतीजवळ पोहोचलो होतो. छाती भरून श्वास घेतला, 'सबब' म्हणण्यासाठी तोंड उघडले...

आणि त्यात पेढा आला.

"घ्या इवाई, तोंड गोड करा!" भास्कररावांनी मला व्याही करूनही टाकले होते.

कोणत्याही समंजस वाचकास मी विचारतो : तोंडात पेढा आल्यावर माणूस काय करतो? मी चावला. (वेलची होती.) आमच्याकडे मुलाच्या बापाच्या हातचे गोड गिळले की सोयरीक पक्की. मी डोळे उघडले तेव्हा गजाननराव भास्कररावांच्या गळ्यात पडलेले, नारळ माझ्या मांडीवर, आणि वहिनी पिशवीतून साडी काढत असलेल्या! थांबवण्यासाठी मी हात पुढे केला. वहिनींनी त्यावर दुसरा पेढा ठेवला. (तोही खाल्ला. लपवण्यासारखे काही नाही.)

तेवढ्यात मृणाल पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मांडीवरचा नारळ पाहताच तिचा चेहरा उतरला.

"बाबा, सांगतलं?"

"सबबपर्यंत आलो होतो."

तिने ट्रे खाली ठेवला. "काका, मले एम.ए. करायचं आहे. अमरावतीलेच. दोन वर्षं मी लग्न करत नाही. हे बाबा पयल्याच वाक्यात सांगणार होते."

कूलरचा आवाज एकाएकी फार मोठा झाला.

"पण पोरी," भास्करराव म्हणाले, "पेढा तं खाल्ला तुह्या बापानं!"

"खाल्ला तो गेला, काका. आमच्या विषयात त्याले बुडीत खर्च म्हणतात. तो काही वापस येत नाही, म्हणून त्याच्यापायी पुढचा निर्णय बिघडवायचा नाही. खराब बियाणं हाती आलं, तं पैसे देल्ले म्हणून पेरता का तुमी?"

इतका वेळ जमिनीकडे पाहत बसलेला संदेश फस्सकन हसला. "बाबा! मिरचीच्या बियाण्याच्या वक्ताले मी हेच तं सांगून राहिलो होतो तुमाले!"

भास्कररावांनी आधी मुलाकडे पाहिले, मग मृणालकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. "इवाई... म्हणजे अर्जनवीस साहेब, हे दोन वाक्यांचं काम होतं जी!" त्यांनी माझ्या मांडीवरून नारळ उचलला. वहिनींनी साडी पिशवीत घातली, पण पेढ्यांचा पुडा तिथेच राहू दिला. "ठेवा," त्या म्हणाल्या, "बुडीत."

आज मृणाल अमरावतीस एम.ए. करते. फोनवर मी प्रस्तावना सुरू केली की ती म्हणते, "बाबा, आधी विनंती." सुनंदेनेही तीच शिस्त उचलली आहे. परवा जेवताना वरण मागण्यासाठी मी वस्तुस्थिती मांडत होतो, तोवर वरण संपले!

आता नवी घडामोड. संदेशने गजाननरावांमार्फत निरोप पाठवला आहे की तो थांबायला तयार आहे. मृणाल म्हणाली, "येऊ द्या त्याइले. या टायमाले मी बोलीन. बाबा, पोह्याचा ट्रे तुमी आणजा. मान खाली घालून. विचारलं तेवढंच सांगजा."

सबब मायबाप वाचकांस नम्र विनंती की, वधूपित्याने ट्रे आणू नये असा कोठे काही नियम असल्यास तो मला त्वरित लेखी कळवावा व न्याय द्यावा. तसा नियम नसल्यास, मान नेमकी किती खाली घालावी, एवढे तरी कळवावे. सुनंदा पोहे भिजवायला निघाली आहे.